मनू, ती वही त्यांनी नेली नव्हती

मनू,

तुला जाऊन सतरा दिवस झाले. तेरावं झालं, नागपूरचे पाहुणे परतले, तुझ्या दारासमोरचा मांडव निघाला. आणि मी अजून घाबरलेलाच आहे. माणूस गेला की रडू येतं एवढं ठाऊक होतं, पण इतकी भीती वाटेल हे ठाऊक नव्हतं. सकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला की वाटतं, तू आता अंगण ओलांडून येशील, सायकलला टेकून उभा राहशील आणि विचारशील, "गजा, अर्जाचं उत्तर आलं का रे?"

ते उत्तर मी आज देणार आहे. आधी सगळं पहिल्यापासून सांगू दे, नाहीतर माझी हिंमत होणार नाही.

चव्वेचाळीस साली आपण दोघं एकाच आठवड्यात जबलपूरच्या या तोफांच्या फॅक्टरीत लागलो. तू लेथवर, मी ऑफिसात टाइपरायटरवर. जपान्यांशी लढाई चालू होती, तिन्ही पाळ्या भरलेल्या, आणि छावणी गोऱ्या सोल्जरांनी खच्चून भरलेली. तू गोहलपुरातल्या एका लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट, तो आखूड ट्रम्पेट, शिकला होतास. छावणीतल्या डान्स हॉलच्या गोव्याच्या बँडमास्तरला माणूस कमी पडला, तेव्हा त्याने तुला बोलावलं. तिथे तुला रेज भेटला. फौजेत कॉर्पोरल, लंडनला असताना जॅझ वाजवणारा. लांब मान, ट्रम्पेटचं तोंड कायम जमिनीकडे, आणि डावी भुवई एका जुन्या खोकेने मधोमध दुभंगलेली. ट्रम्पेटवर करंगळी अडकवायला एक आकडा असतो. त्यात त्याने करंगळी कधी घातली नाही. हे मला तू दाखवलंस, नाहीतर मला असलं काय कळतं!

चार महिने तो तुला शिकवत होता. मदन महालच्या टेकडीवर, त्या मोठाल्या काळ्या दगडांत, कारण तिथे कुणाची तक्रार येत नसे. मी सोबत यायचो आणि सारखा मागे वळून बघायचो. आपले लोक तुरुंगात आणि आपण गोऱ्या शिपायाबरोबर बाजा वाजवतोय. कुणी पाहिलं तर? तू हसायचास. "गजा, तू सावलीले पण सलाम करशील."

त्याच दगडावर बसून रेजने ती गोष्ट सांगितली. लढाईच्या आधी तो एका सिनेमात उभा राहिला होता. हॉटेलचा सीन, नायिका रडत जिना उतरते आणि मागे बँड वाजतो. हा डावीकडून दुसरा. पडद्यावर नाव कुणाचंच लागलं नाही. शूटिंगच्या वेळी सिनेमाचं नाव एक होतं, नंतर म्हणे ते बदललं. कोणतं ठेवलं, हे कळायच्या आतच तो फौजेत भरती झाला. "मी मला अजून पाहिलेलं नाही," असं काहीसं तो म्हणाला. मग त्याची तुकडी बर्माला गेली. पत्र लिहीन म्हणाला होता. पत्र आलं नाही. मेला की जगला, तेही आपल्याला कळलं नाही.

तिथून तुझे रविवार सुरू झाले. सदरच्या टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला जुने इंग्रजी सिनेमे लागायचे, गोरे गेल्यावरही लागत राहिले. तू रेजला शोधायला जायचास. तो सापडेना, पण दुसरेच सापडत गेले. एखाद्या क्लबच्या, जहाजाच्या, हॉटेलच्या सीनमध्ये मागे चार-सहा वाजवणारे उभे असतात. लोक नायिकेकडे बघायचे, तू त्यांच्याकडे. कोण गाल एकाच बाजूने फुगवतो, कोणाची टाच ठेक्याच्या मागे पडते, कोणाच्या हातात नुसतंच वाद्य आहे आणि सूर दुसऱ्याच कोणाचा आहे. "पाहा पाहा, बोटं खोटं बोलून राहिली याची!" असं तू भर खेळात ओरडलास आणि पुढच्या रांगेतल्या माणसाने आपल्याला बाहेर काढायची धमकी दिली होती. मी तर उठूनच उभा राहिलो होतो.

मग वही आली. लांबट, काळ्या पुठ्ठ्याची. सिनेमा, सीन, कोण कुठे उभा, काय वाजवतो. लंडनच्या एका संगीताच्या मासिकाला तू पत्र धाडलंस आणि तिकडच्या एका म्हाताऱ्या शौकिनाचं उत्तर आलं. तो तुझ्यासारखाच वेडा. तू खुणा कळवायच्या, त्याने नावं कळवायची. एकदा त्याने लिहिलं की अमुक सिनेमातला वेटरच्या कपड्यातला काळा माणूस म्हणजे वेस्ट इंडीजचा फार मोठा सॅक्सोफोनवाला. तू दोन दिवस चिडलेला होतास. "एवढा मोठा वाजवणारा, आन त्याले वेटर केलं!"

तुझं इंग्रजी कच्चं. पत्रं मी दुरुस्त करायचो, ऑफिसच्या मशीनवर टाइप करायचो, पाकिटावर पत्ता मीच घालायचो. तरी मी तुझ्याशी भांडायचो. आठवतं ना? "आपल्यावर राज्य केलं त्यांचे बाजेवाले काहून शोधून राहिलास?"

"बाजेवाल्यानं कुठं राज्य केलं?"

"मग काय उपयोग याचा?"

"उपयोग काही नाही. माणूस दिसते, आन नाव नाही. मले ते बघवत नाही."

या भांडणाचा निकाल कधी लागला नाही. मी अजूनही तुझ्यासारखा विचार करू शकत नाही, पण दर रविवारी तू मला शेजारी बसवलंस. तसं नसतं केलंस, तर मागच्या रांगेतल्या माणसाकडे बघायचं असतं हे मला जन्मात कळलं नसतं.

पासष्टची लढाई सुरू होऊन आठवडा झाला होता. खिडक्यांना काळे कागद, छत्रीवाले पाकिस्तानी शिपाई उतरले अशा रोज नव्या अफवा, गेटवर डबे उघडून तपासणी. परदेशाशी पत्रव्यवहार असेल त्याने कळवावं, अशी नोटीस लागली होती. मी तुला म्हणालो, कळव. तू म्हणालास, "अरे, त्यात लपवण्यासारखं काय आहे, मग कळवायचं काय?" आणि त्या रविवारीही तू सकाळच्या खेळाला गेलास. एकटाच. मी भीतीने आलो नाही.

दुपारी तू धावत आलास. धापा टाकत होतास. सिनेमा चालू असताना फिल्म तुटली होती, ती नेमकी हॉटेलच्या सीनमध्ये. ऑपरेटर भैयाने जोडताना खराब झालेल्या तीन चौकटी कापल्या आणि तू मागितल्यास म्हणून तुला दिल्या. नखाएवढ्या त्या तीन चौकटी तू तिथेच वहीत चिकटवल्या होत्यास, पानाला खिडक्या कापून, म्हणजे उजेड आरपार यावा. भिंग माझ्या हातात कोंबलंस. "तू पाहा. माझे डोळे भरून येऊन राहिले, मले काही दिसत नाही. तू सांगशील तेच खरं."

मीही पाहिलं, पण खिडकीला काळा कागद होता. म्हणालो, "वही ठेवून जा. उद्या उजेडात नीट पाहून सांगतो." जाता जाता तू म्हणालास, "विस्तवाजवळ नको ठेवू. जुनी फिल्म म्हणजे बारुदीची सख्खी बहीण."

सोमवारी सकाळी मी अंगणात उजेडाला पान धरलं. भिंगातून पाहिलं. पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. संध्याकाळी तुला सांगणार होतो. दुपारी तुला लेथच्या शॉपमधून उचलून नेलं. घरची झडती झाली, ट्रंक नेली, लंडनची पत्रं नेली.

मंगळवारी मला बोलावलं. लेबर ऑफिसाच्या मागची छोटी खोली. साध्या कपड्यांतली दोन माणसं, कोणत्या खात्यातली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आवाज चढवला नाही, खुर्ची दिली, पाणी दिलं. टेबलावर तुझं लंडनला जाणारं पाकीट होतं.

"ये टाइप आपकी मशीन का है, बाबू?"

"जी."

"अंदर क्या लिखा है, मालूम है?"

मनू, त्यातलं एकेक वाक्य मी दुरुस्त केलेलं होतं. मी म्हणालो, "जी नहीं. मैंने सिर्फ पता टाइप किया."

"बाएँ से दूसरा आदमी, दाएँ से चौथा आदमी. ये कौन लोग हैं?"

"मालूम नहीं, साहब."

"कोई डायरी? नोटबुक?"

"नहीं देखी."

तीनच उत्तरं. पाय इतके कापत होते की दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले होते. त्यांनी मला जाऊ दिलं आणि मी जेवणाच्या सुट्टीत घरी गेलो. माझी कुसुम पोरांना घेऊन शेजारी गेलेली होती. वही तांदळाच्या डब्यामागे होती. सिगडी पेटलेली होती.

मी काही विचार केला असं नाही सांगत. मला पोरं दिसत होती, पेन्शन दिसत होती, तुरुंगाचं दार दिसत होतं. तू दिसला नाहीस. मी वही तशीच सिगडीत घातली. आधी पुठ्ठा नुसता धुरावला. मी चिमट्याने पानं उलटी केली, आणि ते पान आलं. असा भडका मी कधी पाहिला नाही. फस्सकन पांढरी ज्वाळा माझ्या कोपरापर्यंत आली. उजवा तळवा भाजला. कुसुम धावत आली तेव्हा मी तळवा पाण्यात धरून उभा होतो. मी म्हणालो, पेज सांडली. तिने सिगडीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आजवर त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही.

चौथ्या दिवशी तुला सोडलं. ते तू किती रंगवून सांगायचास! त्यांनी लंडनच्या म्हाताऱ्याची पत्रं पुढे ठेवली आणि तू एकेका माणसाबद्दल, त्याच्या गालाबद्दल, टाचेबद्दल बोलतच सुटलास. दोन तासांनी त्यांच्यातला मोठा डोकं धरून म्हणाला, "जाइए भैया. जासूस इतने बोरिंग नहीं होते." मग तीन महिने तुला लेथवरून काढून यार्डात ठेवलं, नंतर परत घेतलं. पत्रंही परत मिळाली.

सुटून तू आधी माझ्याकडे आलास, घरीही गेला नाहीस. दारातच विचारलंस, "वही?"

मी म्हणालो, "ती तर मी सोमवारी सकाळीच तुझ्या ट्रंकेत ठेवून आलो होतो. तू ड्यूटीवर होतास. त्यांनीच नेली असणार."

तू खाली बसलास. मग माझ्या हाताची पट्टी दिसली तुला. "हे काय झालं?" पेज, म्हणालो. तू घरी जाऊन मलम घेऊन आलास. आठ दिवस रोज संध्याकाळी येऊन तू माझ्या तळव्याला मलम लावलंस, फुंकर घालून. त्या आठ दिवसांइतकं मी आयुष्यात कशाला भ्यालो नाही.

आणि मग अर्ज. "माझी काळ्या पुठ्ठ्याची वही परत मिळावी ही विनंती." दरवर्षी एक. तू सांगायचास, मी टाइप करायचो. मनू, मी तुझ्या केसचा नंबर मुद्दाम चुकीचा टाकायचो. बरोबर टाकला असता, तर कुणीतरी नोंद काढली असती, म्हटलं असतं की अशी वही आमच्याकडे आलीच नाही, शेवटी कोणाकडे होती? तरी उत्तरं यायची. "असा कोणताही दस्तऐवज या कार्यालयात नाही." तू कागद उलटा-सुलटा करून बघायचास. "गजा, सरकार खोटं काहून बोलून राहिलं? एक वही ती काय!" मी म्हणायचो, सरकारचं असंच असते. सरकार खरं बोलत होतं. खोटं बोलणारा तुझ्यासमोर बसून चहा पीत होता.

त्यापेक्षा वाईट होता तुझा दुसरा प्रश्न. तो सिनेमा परत जबलपूरला लागला नाही. जुन्या फिल्मा डेपोतून मोडीत निघाल्या, असं ऑपरेटर भैयाने सांगितलं. तुझे डोळेही अधू होत गेले. तू अधूनमधून विचारायचास, "तू उजेडात पाहिलं होतंस ना? तोच होता का रे?" मी म्हणायचो, "नीट दिसलं नाही." कारण दिसलं म्हटलं असतं तर तू पुन्हा पेटला असतास, लंडनला लिहिलं असतंस, वहीसाठी दिल्लीला गेला असतास. शेवटी शेवटी तूच म्हणायला लागलास, "मलेच भास झाला असेल. माणसाले जे पाहिजे ते दिसते." हे तू म्हणालास त्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

परवाच्या, एकाहत्तरच्या डिसेंबरात पुन्हा लढाई, पुन्हा सायरन. सायरन झाला की तू स्वतःचं घर सोडून माझ्याकडे यायचास, कारण मी घाबरतो हे तुला ठाऊक. भिंतीला टेकून बसायचास, तोंडाने ट्रम्पेट वाजवायचास, हळू, फक्त मला ऐकू येईल असं. माझे दात वाजायचे थांबेपर्यंत. मी तुझा हात धरून बसायचो, त्याच तळव्याने.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नलिनीवहिनींनी मला बोलावलं. "भाऊजी, एक शेवटचा अर्ज टाइप करून द्या. माणूस गेला, आता तरी देतील." मी हो म्हणालो. ऑफिसात मशीनमध्ये कागद चढवला. "मयत" हा शब्द टाइप केला आणि पुढे बोटं चालेनात. तीन दिवस तो कागद तसाच राहिला.

आज रविवार. सकाळी तुझ्या घरी गेलो. वहिनी गहू निवडत होत्या, तुझी सुधा कॉलेजचं काही वाचत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसलो असतो तर बोललो नसतो. सिगडी, भडका, तळवा, नंबर, सगळं. सुधाने पुस्तक मिटलं. वहिनींचे हात सुपावर थांबले.

"सोमवारी ट्रंकेत ठेवून आलो म्हणालात तुम्ही यांना," त्या म्हणाल्या. "ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला राहते, भाऊजी."

"म्हणजे तुम्हाला..."

"तुमच्यापाशी होती अन् परत आली नाही, एवढं समजलं होतं. जाळली, ते आज समजलं."

"मग त्याला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर वही पण गेली असती आन तुम्ही पण. यांना दुसरं होतं कोण?" मग त्यांनी मान वर केली. "मी तुम्हाला माफ नाही केलं. समजू नका तसं. मी अर्ज करायले सांगितला तो तुमच्यासाठीच. पाहात होते, याही वेळी टाइप करून देता का."

मी दाराकडे वळलो. मागून सुधाचा आवाज आला. रडत होती, पण आवाज करडा होता. "काका, बैठिए. आपने वो काली कॉपी पढ़ी थी ना? पूरी?"

"वाचली होती. इंग्रजी मीच तर दुरुस्त करायचो."

"तो जितना याद है, बोलिए. मैं लिखूँगी. लंडनवाले बाबाजी को भेजेंगे."

मी बसलो. मनू, मी किती विसरलोय! एका सिनेमातली माणसं दुसऱ्या सिनेमात घालत होतो. दोनदा एखादं नाव जुळवून सांगावं असं मनात आलं, म्हणजे ती पोर खूश होईल. नाही सांगितलं. आठवत नाही म्हणालो, आणि ती नुसती रेघ ओढून पुढे जात राहिली. एकदाही तिने माझ्याकडे पाहिलं नाही. वेटरच्या कपड्यातला वेस्ट इंडीजचा माणूस पहिला लिहिला. त्याचं नाव मला अजून येतं.

शेवटी ते पान आलं. हॉटेलचा सीन, जिना. खुर्ची नव्हती, ती खोली नव्हती, समोर तुझी मुलगी होती, तरी पाय तसेच कापत होते.

"बाएँ से दूसरा," सुधा म्हणाली. "ये कौन है? बाबा हमेशा कहते थे, पक्का नहीं."

"रेज," मी म्हणालो. "डावी भुवई दुभंगलेली. करंगळी आकड्याच्या बाहेर. मी दिवसाच्या उजेडात पाहिलंय. तुझ्या बाबाला भास झाला नव्हता."

तिने लिहिलं. मग वही माझ्याकडे फिरवली, पेन पुढे केलं, आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "काका, इथे सही करा."

मी सही केली, मनू. हात फार हलत होता, पण नाव वाचता येतं.